विमानाचा प्रवास आणि बॅगेतली बाटली

आपल्या वस्तीतला माणूस विमानात बसू लागला ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी लांबचा प्रवास म्हणजे सेवाग्राम एक्स्प्रेसचा साधा डबा, नाहीतर रात्रीची एस.टी. विमान पाहिले असेल ते आखातात मजुरीला गेलेल्याने. आज गिरणी कामगाराची नात परीक्षेला विमानाने दिल्लीला जाते. सफाई कामगाराचे कुटुंब वर्षभर भिशी लावून बोधगयेचे तिकीट काढते. पैसा कष्टाचा आहे, आनंदही हक्काचा आहे. परंतु ह्या नव्या प्रवासाची एक बाजू आपल्याला अजून कोणी नीट सांगितलेली नाही. ती म्हणजे सामानाची.

रेल्वेत आपली पेटी आपल्या बाकाखाली असते. विमानात मोठी बॅग आपल्या हातातून काढून घेतात, तिच्यावर आपल्या नावाचा पट्टा लावतात आणि ती आपल्या नजरेआड विमानाच्या पोटात जाते. पुढे तिच्यात जे काही सापडेल ते त्या नावाच्या माणसाचे. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली तर खाली लिहिलेले बाकीचे सारे आपोआप समजेल.

हा विषय आमच्यापुढे आला तो दाभोशाला. गेल्या वर्षी पावसाळा सरल्यावर आमच्या मंडळाने वस्तीतील कुटुंबांची एक दिवसाची सहल जव्हार तालुक्यातील दाभोसा धबधब्यावर नेली होती. लेंडी नदी तेथे सुमारे तीनशे फूट खाली कोसळते. भर पावसात तेथे जाणे धोक्याचे, आणि डोहात उड्या मारणे तर कोणत्याच ऋतूत नको. बायका-मुलांनी वरूनच धबधबा पाहिला, शिदोऱ्या सोडल्या, लहान मुले नाचली. परतताना आमच्यातील एक तरुण पाण्याच्या जुन्या बाटलीत काहीतरी घेऊन गाडीत चढला. बाटली बुचापर्यंत भरलेली, वास लपत नव्हता. मोहाची होती. पुढच्या महिन्यात तो आई आणि मावशीसह विमानाने पाटण्याला उतरून बोधगयेला जाणार होता, आणि तिकडे नोकरीला असलेल्या एका मित्राने "आपल्याकडची काहीतरी चीज आण" म्हणून सांगितले होते.

आम्ही विचारले तेव्हा तो म्हणाला, "दादा, हातातल्या बॅगेत नाही नेत. खालच्या बॅगेत टाकतो. तिथं कोण बघतंय?"

आमचा दिवस कारकुनीत जातो, त्यामुळे नियमांचे कागद वाचण्याची सवय आहे. त्या दिवशी गाडीत जे बोलणे झाले, आणि नंतर कागद धुंडाळून जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

मोहाच्या झाडाला दोष नको

प्रथम एक खुलासा. मोह हे जव्हार-मोखाड्याच्या आदिवासी बांधवांचे अन्नाचे झाड आहे. मार्च-एप्रिलात पहाटे फुले टपटप पडतात, ती वेचून वाळवतात, दुष्काळात खाल्ली जातात. बियांचे तेल काढतात. त्यापासून दारूही होते, आणि तेवढ्यावरूनच शहरातला माणूस वारली-कोकणा समाजाला नावे ठेवतो. हे आम्हांस मान्य नाही. इंग्रज सरकारने १८७८ साली अबकारी कायदा करून दारू गाळण्याचा हक्क ठेकेदारांकडे दिला. पुढे १८९२ साली खास ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांवर बंदी घालणारा कायदा आणला. फुले वेचणे आणि साठवणे हाच गुन्हा ठरला. हेतू आदिवासींची दारू सोडवण्याचा नव्हता; त्यांनी घरची सोडून ठेकेदाराच्या दुकानातली विकत घ्यावी आणि सरकारला कर मिळावा हा होता. जव्हार त्यावेळी मुकणे राजांचे संस्थान, पण भोवती सगळा ठाणे जिल्हा. राज्य सरकारने फुले गोळा करण्यावरील आणि साठवण्यावरील बंधने सैल केली ती २०२१ साली. म्हणजे गरिबाच्या झोळीत फूल आहे की बाटली हे तपासणे शंभराहून अधिक वर्षे चालू होते.

फूल मोकळे झाले तरी महाराष्ट्रात घरी दारू गाळणे आजही गुन्हाच आहे. १९४९ चा दारूबंदी कायदा आपल्या राज्यात लागू आहे. दुकाने उघडी दिसतात म्हणून तो कायदा उठला असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. कायद्याने दारू जवळ बाळगायला आणि प्यायलाही परवाना लागतो. त्यामुळे दाभोशाहून जव्हारला येतानाच ती बाटली बेकायदा होती; विमानाची गोष्ट पुढची.

दाभोशाच्या उत्तरेला दादरा-नगर हवेलीची हद्द जवळ आहे. तो केंद्रशासित प्रदेश, तेथे दारूवरचा कर कमी, म्हणून सहलीला आलेली माणसे "सीलबंद आहे, पावती आहे" म्हणून तेथून बाटल्या भरून आणतात. सीलबंद असली तरी महाराष्ट्राचा कर न भरलेली दारू विनापरवाना हद्दीत आणणे हा गुन्हा आहे. राज्य उत्पादन शुल्क खात्याची पथके ह्याच रस्त्यांवर गाड्या अडवतात. गोव्याहून येणाऱ्यांनाही हेच लागू. तेथून एक-दोन बाटल्या "सगळेच आणतात" हे खरे. पण पकडला जातो तो ज्याला वकील परवडत नाही तो.

विमानाचा नियम काय सांगतो

आता विमानाकडे येऊ. विमान कंपन्या दारूकडे नीती-अनीतीच्या नजरेने पाहत नाहीत, आगीच्या नजरेने पाहतात. मद्यार्क पेट घेतो, म्हणून नियम मद्यार्काच्या प्रमाणावर बेतलेला आहे. तो जगभर सारखाच आहे. २४ टक्क्यांपर्यंत मद्यार्क असलेल्या पेयांना, म्हणजे बिअर-वाईनला, आगीच्या कारणाने मोजमापाची मर्यादा नाही. २४ च्या वर आणि ७० पर्यंत असेल तर माणशी एकूण ५ लिटर, आणि तेही दुकानात मिळणाऱ्या मूळ सीलबंद बाटलीतच. ७० टक्क्यांच्या वरचे काहीही चालत नाही, बॅगेत नाही आणि हातातही नाही. आपल्याकडे व्हिस्की-रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेले असते, म्हणजे ती मधल्या गटात येते.

पाण्याच्या बाटलीत भरलेल्या मोहाच्या दारूवर कोणता आकडा लिहिलेला असतो? पहिल्या धारेची कडक, शेवटच्या धारेची पाणचट. गाळणाऱ्यालाही टक्के सांगता येत नाहीत. लेबल नाही, सील नाही, म्हणून ती विमानात कोणत्याही मार्गाने बसत नाही. "खाली कोण बघतंय" ह्याचे उत्तर असे की यंत्र बघते. मोठ्या विमानतळांवर खाली जाणारी प्रत्येक बॅग क्ष-किरण यंत्रातून जाते, द्रवाची बाटली पडद्यावर स्पष्ट दिसते, संशय आला तर प्रवाशाला बोलावून त्याच्यासमोर बॅग उघडतात. सुटीला निघालेले सारे कुटुंब रांगेत उभे आणि सर्वांसमोर आईच्या साड्यांखालून दारूची बाटली बाहेर निघते, हा प्रसंग कोणावर येऊ नये.

लेबल नसलेल्या दारूविषयी आणखी एक सांगितले पाहिजे. २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे दगावली. सारी कष्टकरी वस्ती होती. ऑगस्ट २०२५ मध्ये कुवेतमध्ये तसेच घडले. २३ माणसे गेली, बहुतेक आशियातून कामाला आलेले मजूर, आणि काहींची दृष्टी गेली. ह्या मृत्यूंना आदिवासींचा मोह कारणीभूत नव्हता. मिथेनॉल नावाचे कारखान्यातले रसायन मिसळले गेल्याने ते झाले. पण बाटलीवर काही लिहिलेलेच नसेल तर आत मोह आहे की मिथेनॉल हे पिणाऱ्याला कसे कळणार?

कोकम, नागली आणि नीरा

दारूवर इतके बोललो कारण अडचण तिथे मोठी. परंतु आमच्या गाडीतील भगिनींचे प्रश्न वेगळेच होते, आणि आमच्या मते तेच अधिक उपयोगाचे. एकीने विचारले, कोकमचे आगळ नेता येईल का? दुसरीची मुलगी बंगळूरला नोकरीला, तिच्यासाठी नागलीची आंबील न्यायची होती. तिसरीला ताडी-नीरेचे विचारायचे होते, पण नवऱ्यासमोर लाजली.

साधे पेय, म्हणजे सरबत, आगळ, पन्हे, ताक, दूध, हे खाली जाणाऱ्या बॅगेत नेण्यास आडकाठी नाही. अडचण फुटण्याची आणि गळण्याची. विमान तीस-पस्तीस हजार फुटांवर उडते, पण आतली हवा साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असावी इतकी राखलेली असते. प्रवासी विमानात सामानाच्या कप्प्यातही दाब तोच असतो. त्या उंचीला हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे तीन-चतुर्थांश उरतो, आणि बाटलीत कोंडलेली हवा एक-तृतीयांशाने फुगू पाहते. महाबळेश्वरला वेफर्सचे पाकीट कसे टम्म होते ते आठवा. महाबळेश्वर तर साडेचार हजार फूटच. म्हणून अर्धी भरलेली बाटली सर्वांत वाईट. तिच्यात हवा जास्त, ती फुगून रस बुचाच्या फटीतून बाहेर ढकलते. प्लास्टिकची बाटली असेल तर ती दाबून आतली हवा काढावी आणि मग बूच घट्ट करावे. बुचावर चिकटपट्टीचे दोन वेढे, त्यावर एकात एक अशा दोन पिशव्या तोंड बांधून, आणि मग जुन्या लुगड्यात किंवा टॉवेलात गुंडाळून बॅगेच्या मधोमध. कडेला नको, चाकांजवळ तर नकोच. बॅगा पट्ट्यावर आपटतात त्या चाकांकडूनच. काच टाळावी.

आंबणाऱ्या पेयाची गोष्ट निराळी. नीरा पहाटे गोड असते आणि दुपारी ताडी होते; पूर्वी मुंबईच्या स्टेशनांवरील स्टॉलवर ती थंड करून देत ती ह्याच कारणाने. आंबताना रसातील साखर जाऊन मद्यार्क होतो आणि वायू सुटतो. हा वायू बंद बाटलीत मावत नाही. घट्ट बूच लावलेली नीरेची बाटली म्हणजे लहान फटाकाच, बूच उडेल नाहीतर बाटली. आंबीलही आंबट होत जाते, तिचेही तेच. तेव्हा ताडी, नीरा, आंबील ह्यांपैकी काहीही बॅगेत भरू नये.

मग मुलीला नागलीची आंबील कशी पोचायची? पेय नेऊ नये, पेयाचे पीठ न्यावे. दोन किलो नागलीचे पीठ कोरड्या पिशवीत नेले तर तिला महिनाभर रोज सकाळी ताजी आंबील करून पिता येईल. तेच दोन किलो पातळ नेले तर दोन लिटर, आणि तेही गळके. आगळाऐवजी वाळवलेली आमसुले, सरबताऐवजी गूळ आणि लिंबे, ताज्या पात्याऐवजी वाळवलेला गवती चहा. मात्र एक अपवाद सांगून ठेवतो. सुके खोबरे कोरडे असूनही विमानात नेऊ देत नाहीत, कारण तेलामुळे ते आपोआप तापून पेट घेऊ शकते. किसलेले खोबरे घालून केलेला लाडू वेगळा, अख्खी वाटी वेगळी.

वजनाचा हिशेबही करावा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. देशातल्या बहुतेक स्वस्त तिकिटांवर खालच्या बॅगेला १५ किलोची मुभा असते आणि त्यावर प्रत्येक किलोला शेकड्यांनी रुपये मोजावे लागतात. प्रवासात लागेल म्हणून सहा बाटल्या पाणी भरणारी कुटुंबे आम्ही पाहिली आहेत. त्यांचे सहा किलो पाण्यातच गेले. रिकामी बाटली हातात न्यावी, सुरक्षा तपासणी झाल्यावर आत पिण्याच्या पाण्याचे नळ असतात तेथे भरून घ्यावी. विमानतळावरच्या दुकानात चहाचा भाव ऐकून तहान पळते हे खरे. कोलकाता विमानतळावर डिसेंबर २०२४ मध्ये 'उडान यात्री कॅफे' निघाला, तेथे चहा आणि पाण्याची बाटली प्रत्येकी दहा रुपयांना ठेवली. कोलकात्यामार्गे गयेला जाणाऱ्यांनी विचारपूस करावी.

हातातल्या बॅगेबद्दल थोडक्यात. परदेशी जाताना प्रत्येक द्रव १०० मिलिलिटरच्या आतील बाटलीत, आणि त्या सर्व बाटल्या एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत, असा नियम आहे. तो आला २००६ नंतर. त्या वर्षी ऑगस्टमध्ये लंडनच्या पोलिसांनी एक कट उघडकीस आणला. शीतपेयाच्या बाटल्यांतून स्फोटक द्रव विमानात नेण्याचा बेत होता. काही विमानतळांनी आता नवी यंत्रे बसवून नियम सैल केला आहे, तरी आपण जुनाच धरून चालावे. तान्ह्या बाळाचे दूध आणि डॉक्टरच्या चिठ्ठीचे औषध ह्यांना सवलत असते. विचारल्यावर दाखवावे, लपवू नये. दारू हातातल्या बॅगेत नको, आणि स्वतःची उघडून विमानात पिणे हा तर सरळ गुन्हा. आपल्या देशांतर्गत विमानात कंपनीही दारू देत नाही.

उतरायचे कुठे, हे आधी पाहावे

त्या तरुणाच्या बाटलीकडे परत जाऊ. समजा तिच्यावर लेबल असते, सील असते, ४२.८ टक्के लिहिलेले असते. विमान कंपनीने नेली असती. तरीही तो तुरुंगात गेला असता, कारण तो उतरणार होता बिहारात.

जुलै २०१५ मध्ये पाटण्यात बचत गटाच्या स्त्रियांनी मुख्यमंत्री नितीशकुमार यांच्यासमोर भर सभेत दारूबंदीची मागणी केली आणि त्यांनी पुन्हा निवडून आल्यास ती करण्याचे वचन दिले. एप्रिल २०१६ पासून बिहारात दारूबंदी आहे. पुढे त्याच वर्षी २ ऑक्टोबरला नवा कडक कायदा आला. पहिल्यांदा पिऊन सापडलेल्यास २०२२ च्या दुरुस्तीने दंड भरून सुटता येते, पण दारू बाळगणे आणि वाहून आणणे हा वेगळा आणि मोठा गुन्हा आहे. त्याला कित्येक वर्षांच्या कैदेची शिक्षा आहे. परराज्यातून आलेला प्रवासी आहे, आपल्यापुरतीच आणली, मित्रासाठी आणली, ही कारणे चालत नाहीत. बोधगया, राजगीर, नालंदा, वैशाली ही सारी स्थळे बिहारात येतात. सारनाथ आणि कुशीनगर उत्तर प्रदेशात. म्हणजे यात्रेची बस उत्तर प्रदेशातून बिहारात शिरते तेथेही तपासणी असते, आणि बसच्या टपावरील एका बाटलीसाठी चाळीस माणसांचा खोळंबा होऊ शकतो.

हे ऐकत असताना त्या तरुणाची आई मागच्या बाकावर बसली होती. तिने मध्ये काही विचारले नाही. विक्रमगडच्या अलीकडे गाडी चहाला थांबली तेव्हा तिने मुलाच्या पिशवीतून बाटली काढली, रस्त्याकडेच्या गवतात ओतली आणि रिकामी बाटली विसळून चहावाल्याकडून पाणी भरून घेतले. मुलगा म्हणाला, "अगं आई, दोनशे रुपये गेले." ती म्हणाली, "जाऊ दे. भिशीचे किती गेलेत ते मोज."

चौदा ऑक्टोबर १९५६ च्या बावीस प्रतिज्ञा आणि पंचशील आपल्याला पाठ आहेत, दारूविषयी त्यात काय आहे हे वाचकांना आम्ही नव्याने सांगायला नको. पण आम्ही पाहतो ते असे की अशी बाटली नेणारा कित्येकदा स्वतः पिणारा नसतोच. ती दुसऱ्याची असते. साहेबाने सांगितलेली, मेव्हण्याने दिलेली, शेजाऱ्याच्या मुलासाठीची. "तुमच्याकडे वजन शिल्लक आहे ना, एवढं एक पार्सल टाका" असे म्हणणाऱ्याला नाही म्हणणे आपल्या माणसाला जड जाते. भीड आडवी येते. त्यातून सांगणारा वरच्या हुद्द्याचा असेल तर अधिकच. विमानतळावर बॅग देताना विचारतात, "बॅग तुम्हीच भरली का? कोणी काही दिले आहे का?" हा प्रश्न सवयीने विचारल्यासारखा वाटतो, आणि आपणही सवयीने मान हलवतो. त्या होकाराने पार्सल आपले होते. पुढे साहेब ओळख देत नाही.

महाराष्ट्रातही असेच जिल्हे आहेत. वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूरला २०१५ साली लागू झालेली बंदी २०२१ मध्ये उठली. मुंबईहून नागपूरला विमानाने उतरून वर्ध्याच्या गावी लग्नाला जाणारे पुष्कळ असतात. नागपुरात जे दुकानात उघड मिळते ते पंचाहत्तर किलोमीटरवर गुन्हा होते. गुजरातमध्ये तर राज्य झाल्यापासून बंदी आहे. सुरत-अहमदाबादला जाणाऱ्यांनी, मग ते विमानाने जावोत की तलासरीवरून गाडीने, हे विसरू नये.

आखातात जाणाऱ्यांसाठी तर आणखी कडक. सौदी अरेबिया आणि कुवेत येथे दारू नेणे गुन्हा आहे. अमिरातीपैकी शारजात बंदी आहे. दुबईत दारू मिळते म्हणून शारजाच्या विमानाने बाटली नेली तर ती शारजातच सापडणार. आणि तेथे एक वस्तू अशी आहे की जिचा दारूशी संबंध नाही, तरी माणसे अडकतात. ती म्हणजे खसखस. अमिराती आणि सौदीत खसखस अमली पदार्थांच्या यादीत धरतात, कारण ती अफूच्या बोंडातली. आई मुलासाठी थंडाईचा मसाला कुटून देते, त्यात खसखस असते. अनरशांवर खसखस असते. मसाल्याच्या तयार पाकिटावरही घटक वाचून घ्यावेत. बॅग बहुतेक घरांत बाईच भरते, तेव्हा हा परिच्छेद तिने कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला तरी आम्हांस चालेल.

परदेशातून परत येणाऱ्यांना भारतात माणशी दोन लिटर मद्य जकातीशिवाय आणता येते. तेही बिहार-गुजरातला जायचे असेल तर उपयोगाचे नाही. श्रीलंकेला यात्रेला जाणाऱ्या मंडळींना एक माहिती: तेथे दर पौर्णिमेला, ज्याला ते पोया म्हणतात, दारूची विक्री देशभर बंद असते.

राहता राहिली गळालेल्या बाटलीची तक्रार. उतरल्यावर पट्ट्यावरून बॅग घेताना ती बाहेरून ओली, चिकट किंवा फुटलेली दिसली तर दालनाबाहेर पडण्यापूर्वी कंपनीच्या खिडकीवर जाऊन लेखी नोंद करून घ्यावी. बोर्डिंग पास आणि सामानाच्या पट्ट्याचा तुकडा तोपर्यंत जपून ठेवावा, नाहीतर बॅग आपली हे दाखवणेही अवघड होते. बाहेर गेल्यावर तक्रार फारशी कोणी ऐकत नाही. आणि आतल्या आगळाची भरपाई बहुधा मिळत नाही. द्रव आणि काच ह्यांची जबाबदारी कंपन्या तिकिटाच्या बारीक अक्षरांतच झटकून मोकळ्या झालेल्या असतात. दुसऱ्याच्या बॅगेतील द्रव गळून आपले कपडे खराब झाले असतील तर मात्र नोंद आवर्जून करावी आणि तिची प्रत मागून घ्यावी.